पगाराला कात्री लागते तेव्हा : विमानसेवेतल्या कामगारांचे प्रश्न

या वेळी विमानतळावर आणि विमानात काम करणाऱ्यांची पत्रं बरीच आली आहेत. केबिन क्रू आहेत, लोडर आहेत, तंत्रज्ञ आहेत, चेक-इन काउंटरवरची मुलंमुली आहेत. महागाई वाढली आणि पगार थांबला, काहींचा तर घटला, ही तक्रार सगळ्यांचीच. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले चार एकत्रित कायदे) लागू झाल्यामुळे जुन्या पुस्तिकांमधली कलमं आता जशीच्या तशी उपयोगी नाहीत, हे ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : इंधन आणि डॉलर महागल्यामुळे कंपनी तोट्यात आहे, म्हणून पगारवाढ नाही, असं आम्हाला सांगितलं. पुढच्या महिन्यापासून उड्डाण भत्ताही कमी होणार, असा ईमेल आला आहे. कंपनी खरं बोलते की नाही, हे आम्ही कसं ओळखायचं?
(केबिन क्रू, मरोळ)

तोटा खरा असू शकतो. तो तुमच्या पगारामुळे झाला का, हे तपासायला हवं. भारतात विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ४० टक्क्यांच्या आसपास असतो. विमानांचं भाडं आणि इंजिनांची देखभाल डॉलरमध्ये मोजली जाते. पगाराचा वाटा त्या मानाने बराच लहान. इंधनावरचा व्हॅट राज्य सरकार लावतं. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. खर्च वाढला की त्याचा ईमेल लगेच येतो. असा खर्च उतरला की मात्र कुणी काही कळवत नाही.

कंपनी शेअर बाजारात असेल तर दर तिमाहीचे निकाल जाहीर होतात. त्यात चार ओळी पाहा : इंधन खर्च, कर्मचारी खर्च, परकीय चलनातला तोटा आणि घसारा. यातली तिसरी ओळ फसवी असते. भाड्याने घेतलेल्या विमानांची पुढच्या कित्येक वर्षांची देणी आजच्या डॉलरच्या दराने पुन्हा मोजली जातात आणि रुपया घसरला की मोठा तोटा दिसतो. त्या तिमाहीत तेवढी रक्कम खिशातून गेलेली नसते. हा आकडा बाजूला काढून मागच्या आठ तिमाही एका कागदावर मांडा. एकूण उत्पन्नातला कर्मचारी खर्चाचा टक्का घटत गेला असेल, तर पगारावर तोट्याचं खापर फोडायला जागा उरत नाही. कंपनी शेअर बाजारात नसेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शंभर रुपये भरून तिचे दाखल केलेले ताळेबंद पाहता येतात. ते वर्षभर जुने असतात, पण दिशा कळते.

दुसरा हिशेब तुमच्या स्वतःच्या पगाराचा. औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचा लेबर ब्युरो दर महिन्याला जाहीर करतो. मागचा पगार ठरला तेव्हाचा निर्देशांक घ्या आणि आजचा घ्या. समजा तो १२० वरून १४४ वर गेला आणि पगार ३०,००० च राहिला. तर ३०,००० गुणिले १२०, भागिले १४४, म्हणजे तुमच्या पगाराची किंमत जुन्या पैशात २५,००० झाली. जागच्या जागी राहायलाच २० टक्के वाढ हवी. मागणीपत्रात महागाईची भरपाई आणि खरी वाढ हे दोन आकडे वेगळे दाखवा, नाहीतर भरपाईलाच वाढ म्हणून पदरात घातलं जातं.

आता त्या ईमेलबद्दल. पगार, भत्ते, कामाचे तास अशा गोष्टी कामगाराच्या विरोधात बदलायच्या असतील तर औद्योगिक संबंध संहितेच्या ४० व्या कलमानुसार मालकाने नोटीस द्यावी लागते आणि नोटिशीनंतर २१ दिवस बदल करता येत नाही. आणीबाणीची सवलत आहे ती पाळ्या बदलण्यासाठी, पगार कापण्यासाठी नाही. तेव्हा सर्वप्रथम ईमेल ही तशी नोटीस आहे का आणि तारखेचं गणित जुळतं का, ते पाहा. एचआरच्या पोर्टलवर ‘मान्य’ असं बटण असेल तर ते दाबू नका. लेखी उत्तर द्या : ‘पत्र मिळालं, बदल मान्य नाही, चर्चा हवी.’ सगळ्यांचं पत्र शब्दशः एकच असावं, सही मात्र प्रत्येकाची. दहा जणांनी दहा तऱ्हांनी लिहिलं की त्यातलं सर्वांत मवाळ पत्र निवडून कंपनी उत्तर देते. स्वतःजवळ ठेवायचं ते स्वतःची वेतनचिठ्ठी आणि स्वतःला आलेलं पत्र, एवढंच. इतरांची माहिती कंपनीच्या संगणकावरून बाहेर पाठवलीत तर पगाराचा विषय बाजूला पडून शिस्तभंगाचा सुरू होतो.

प्रश्न : मागणीपत्रात ‘एकूण पगार अमुक टक्के वाढवा’ असं लिहिलं तर पुरे का?
(तंत्रज्ञ, कलिना)

नाही. वाढ मूळ पगारावर मागा. भत्त्यावर मिळालेली वाढ पुढच्या तंगीत सर्वांत आधी जाते.

श्रमसंहितांमधल्या पगाराच्या नव्या व्याख्येनुसार घरभाडं, प्रवास, ओव्हरटाइम, कमिशन असे वगळलेले घटक मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच धरायचा. उदाहरणार्थ एकूण ४२,०००, त्यात मूळ पगार १२,००० आणि बाकीचे ३०,००० वगळलेले घटक. निम्मे म्हणजे २१,०००. तीस हजारांतले जास्तीचे ९,००० पगारात जमा होतात आणि हिशेबाचा पगार २१,००० ठरतो. सात वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी १२,००० वर सुमारे ४८,४६० रुपये येते, तर २१,००० वर सुमारे ८४,८१०. (पगार गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं.) कंपनीने कुठला आकडा धरला आहे, हे आजच विचारा. नोकरी सोडताना विचारलं तर वकील लागतो.

विमानसेवेत वाद होतो तो उड्डाण भत्त्यावर. कंपन्या त्याला ‘कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चाची भरपाई’ म्हणून वगळू पाहतात. पण बाहेरगावच्या मुक्कामात जेवणापोटी मिळणारे पैसे ही खर्चाची भरपाई. तासागणिक मिळणारा उड्डाण भत्ता हा सरळ कामाचा मोबदला आहे. मागणीपत्रात ही दोन्ही नावं वेगळी ठेवा आणि दुसरं पगारात धरा, असं स्पष्ट लिहा.

मुदतीच्या करारावर असलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षं थांबावं लागत नाही. वर्ष पूर्ण केल्यावर ती सेवेच्या प्रमाणात मिळते. केबिन क्रूमध्ये असे करार सर्रास असतात, तरी बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

प्रश्न : विमानाची चाकं हलल्यापासूनच आमचे तास मोजतात. प्रवासी बसवणं, उशीर झालेल्या विमानात थांबणं, साफसफाईची तपासणी, हे सगळं फुकटच का?
(केबिन क्रू, वाशी)

चॉक्स (उभ्या विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे) काढल्यापासून चॉक्स लावेपर्यंतच्या वेळेवर पैसे देण्याची पद्धत जगभर होती आणि ती मोडायला सुरुवात झाली आहे. अमेरिकेत डेल्टाने २०२२ मध्ये प्रवासी चढवण्याच्या वेळेचे निम्म्या दराने पैसे द्यायला सुरुवात केली. तिथल्या केबिन क्रूची तेव्हा संघटना नव्हती, पण ती उभारण्याची मोहीम चालू होती. दोन्हींचा संबंध ज्याचा त्याने लावावा. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या दहा हजारांहून अधिक केबिन क्रूने याच मुद्द्यावर संप केला. क्रूला कामावर परतण्याचा आदेश मिळावा म्हणून सरकारने काही तासांतच पावलं उचलली, संघटनेने तो आदेश जुमानला नाही आणि १९ तारखेला तडजोड झाली. जमिनीवरच्या कामाचे पैसे मिळाले. मात्र पगाराच्या दरावर सभासदांनी नंतर प्रचंड बहुमताने नापसंती नोंदवली.

तुमच्याकडे आकडे हवेत. एक महिना चार वेळा टिपा : रिपोर्टिंग, चॉक्स निघाले, चॉक्स लागले, कामातून मोकळे. मुंबई-गोवा-मुंबई-नागपूर-मुंबई असा दिवस घ्या. पहाटे ४.३० ला हजेरी, दुपारी १.४० ला सुटका, म्हणजे ९ तास १० मिनिटं. चारही उड्डाणांची मिळून वेळ ५ तास ५० मिनिटं. राहिले ३ तास २० मिनिटं. अशा पन्नास जणांच्या महिन्याच्या नोंदी एका तक्त्यात आल्या की चर्चेत ‘साधारण’, ‘कधीकधी’ हे शब्द बंद होतात. नोंद रोजच्या रोज करा. महिनाअखेरीस आठवून भरलेला तक्ता कंपनीच्या रोस्टरशी (ड्युटीच्या वेळापत्रकाशी) जुळत नाही आणि दोन चुका सापडल्या की सगळाच निकाली निघतो.

प्रश्न : मी सामान चढवतो-उतरवतो. आमची एजन्सी बदलली की आम्ही पुन्हा नवे. पगार वाढवून मागितला तर म्हणतात, बाहेर रांग उभी आहे. विमान कंपनीच्या लोकांची संघटना आम्हाला विचारत नाही. आम्ही कुणाकडे जायचं?
(लोडर, कुर्ला)

रांग खरी आहे. जुलै २०२४ मध्ये कलिन्याला एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या विमानतळावरची जमिनीवरची कामं करणाऱ्या सरकारी कंपनीने दोन हजारांच्या आसपास जागांसाठी थेट भरती ठेवली, तेव्हा इतकी झुंबड उडाली की अर्ज ठेवून घरी जा, असं उमेदवारांना सांगावं लागलं. पण रांगेतला माणूस दुसऱ्या दिवशी रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या जागेवर, कामाला उभा राहू शकत नाही. त्याची पार्श्वभूमी तपासायची, पास काढायचा, सुरक्षेचं आणि यंत्रांचं प्रशिक्षण द्यायचं, यात आठवडे जातात. तुमची ताकद तेवढ्या आठवड्यांची आहे. कमी वाटली तरी गर्दीच्या हंगामात ती पुरेशी असते.

एजन्सीने पगार थकवला किंवा कमी दिला, तर तो भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. त्याने तो नंतर एजन्सीकडून वसूल करायचा. म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करा. नुसत्या एजन्सीचं नाव घातलंत तर ती कंत्राट सोडून जाते आणि तुमचा अर्ज रिकाम्या पत्त्यावर फिरत राहतो.

एजन्सी बदलताना काय घडतं, ते मे २०२५ मध्ये मुंबईत दिसलं. १५ तारखेला सेलेबी या जमिनीवरची कामं करणाऱ्या तुर्की कंपनीच्या भारतातल्या शाखेची सुरक्षा मंजुरी रद्द झाली आणि हजारो कामगारांचा मालक एका दिवसात बदलायची वेळ आली. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने कामगारांना आहे त्याच अटींवर नव्या संस्थांकडे घेण्याचं जाहीर केलं. अशा वेळी ‘आहे त्याच अटी’ हे शब्द वर्तमानपत्रात असून भागत नाही, तुमच्या नेमणूकपत्रात यायला हवेत. तीन गोष्टी लेखी मागा : पहिल्या नेमणुकीची तारीख कायम, शिल्लक रजा वर्ग, पीएफचा जुनाच यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा क्रमांक) पुढे चालू. पहिली तारीख गेली तर पाच वर्षांचा ग्रॅच्युइटीचा काळ पुन्हा शून्यापासून मोजला जातो. नवी एजन्सी ती मानत नसेल आणि तुमची जुन्या एजन्सीकडे पाच वर्षं झाली असतील, तर जुन्या एजन्सीकडे ३० दिवसांच्या आत ग्रॅच्युइटीचा अर्ज द्या. पास जमा करताना पोच घ्या; नोकरी कोणत्या दिवशी संपवली गेली, याचा पुरावा बहुतेक वेळा तोच असतो.

आता संघटना. तुम्हाला दारात उभं न करणारी केबिन क्रूची संघटना स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेते. क्रू कामावर, लोडर बाहेर किंवा लोडर कामावर, क्रू बाहेर. दोन्ही वेळा कंपनी अर्धीमुर्धी उड्डाणं चालवते आणि दोघांनाही वेगवेगळं गाठून तडजोड करते. घटनेत सभासदत्वाची व्याख्या ‘विमानसेवा आणि तिच्याशी निगडित जमिनीवरची कामं’ अशी ठेवली तर एकाच संघटनेत दोघं येऊ शकतात. वाटाघाटीचा हक्क मात्र प्रत्येक मालकाच्या हजेरीपटावरून ठरतो, म्हणून मागणीपत्रं वेगवेगळी द्यावी लागतील. ती एकाच तारखेला द्या आणि करार संपण्याची तारीखही एकच ठेवून घ्या. पगाराच्या आकड्यापेक्षा आम्ही या तारखेला जास्त महत्त्व देऊ. क्रूचा करार मार्चमध्ये संपतो आणि लोडरचा ऑक्टोबरमध्ये, तोवर एकजूट भाषणातच राहते, कारण करार चालू असताना त्याच विषयावर संप करणं बेकायदा आहे.

प्रश्न : संघटना नोंदवायला किती जण लागतात? आमच्याकडे आधीच तीन संघटना आहेत, चौथी काढावी का?
(ग्राउंड स्टाफ, पुणे)

नोंदणीचा अर्ज सात जण करू शकतात. पण अर्जाच्या दिवशी किमान १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढे सभासद हवेत आणि कोणत्याही स्थितीत सातपेक्षा कमी नकोत. अर्जासोबत घटना, ती मंजूर केल्याचा ठराव, सभासदांची नावं-पत्ते-काम आणि प्रतिज्ञापत्र लागतं. पदाधिकाऱ्यांत बाहेरचे एक तृतीयांश किंवा पाच, जे कमी असेल त्याहून जास्त चालत नाहीत. निवृत्त झालेला किंवा कपातीत गेलेला सहकारी बाहेरचा धरला जात नाही. ही तरतूद चांगली आहे. ज्याला आता बदलीची भीती नाही, असा माणूस चर्चेला पुढे बसवता येतो.

चौथी काढू नका. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकटी वाटाघाटी करते. तसं कुणीच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्यांची परिषद बसते. समजा १,००० कामगार आहेत आणि संघटनांचे सभासद ३८०, २१० आणि १५०. तिसरीला टेबलावर जागाच नाही. पहिल्या दोघी एकमेकींकडे पाहत बसणार. तिघी मिळून ७४० होतात. पक्षांचे झेंडे बदलायला कुणी तयार नसतं, हे मुंबई-पुण्यात सांगायला नको. झेंडे राहू देत. पगाराच्या विषयापुरती तिघींची एक संयुक्त समिती आणि एकच मागणीपत्र, एवढं तरी करा. विलीनीकरण जमलं तर उत्तमच, कारण पडताळणीत संख्या नोंदणीकृत संघटनेची मोजतात, समितीची नाही.

प्रश्न : सगळ्यांनी एकाच दिवशी आजारपणाची रजा टाकली तर? संपही नाही आणि विमानंही उभी.
(केबिन क्रू, ठाणे)

हा सल्ला व्हॉट्सॲपवर फार फिरतो. एकत्र ठरवून काम नाकारणं म्हणजे संपच, मग रजेला नाव कोणतंही द्या. शिवाय निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली, तर तोही संप असं संहितेत आता स्पष्ट लिहिलं आहे. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या शेकडो केबिन क्रूने एकदम आजारी असल्याचं कळवलं. उड्डाणं मोठ्या संख्येने रद्द झाली, कंपनीने २५ जणांना काढलं. दोनच दिवसांत, ९ मे रोजी दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर तडजोड झाली आणि ते २५ जण परत घेतले गेले. परत घेतले गेले ते नोंदणीकृत संघटना होती, तिच्या तक्रारी आयुक्तालयात आधीपासून पोचल्या होत्या आणि चर्चेला बसायला ओळखीचं टेबल होतं म्हणून. नुसता आजारपणाचा अर्ज हातात असता तर त्या २५ जणांचं काय झालं असतं, याचा विचार करून मग तो संदेश पुढे पाठवा.

बेकायदा संपाची किंमत अशी : कामगाराला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही, चिथावणी देणाऱ्याला १०,००० ते ५०,००० पर्यंत दंड किंवा तेवढीच कैद किंवा दोन्ही. दहा किंवा अधिक जण मिळून सूचना न देता गैरहजर राहिले, तर नेमणुकीच्या अटींत तसं असल्यास गैरहजेरीच्या पगाराशिवाय आणखी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापला जाऊ शकतो.

रीतसर मार्ग तारखांसह समजून घ्या. समजा संपाची नोटीस १ जुलैला दिली. पहिले १४ दिवस संप करता येत नाही. नोटिशीवरून समेट अधिकारी बैठक बोलावतो. समजा पहिली बैठक ८ जुलैला झाली. त्या क्षणापासून समेटाची कारवाई सुरू झाली आणि ती चालू असेपर्यंत, शिवाय ती संपल्यावर सात दिवस, संप बेकायदा. अधिकाऱ्याला १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, म्हणजे २२ जुलै. त्यावर सात, २९ जुलै. नोटीस ६० दिवस चालते, म्हणजे ३० ऑगस्टपर्यंत. तुमच्या हातात ३० जुलै ते ३० ऑगस्ट एवढीच खिडकी उरते. आणि त्यातही मेख आहे : समेट फसल्यावर कोणताही पक्ष न्यायाधिकरणात जाऊ शकतो आणि तिथे प्रकरण चालू असताना, निकालानंतर ६० दिवसांपर्यंतही, संप करता येत नाही. कंपनीचा वकील २३ जुलैला सकाळी अर्ज घेऊन उभा असणार, असं धरून चाला.

मग नोटीस द्यायचीच कशाला? कारण वादाशी संबंधित सेवाशर्ती समेट किंवा न्यायाधिकरण चालू असताना मालकालाही एकतर्फी बदलता येत नाहीत. कापलेला भत्ता आणि रोखलेली वाढ एका सरकारी अधिकाऱ्यासमोर कागदावर येते. खरी तडजोड बहुतेक वेळा याच १४ दिवसांत होते, म्हणून पहिल्या बैठकीला तक्ते, निर्देशांकाचं गणित आणि सह्यांचा गठ्ठा तयार हवा. गुप्त मतदान कायद्याने सक्तीचं नाही, तरी घ्या. ९० टक्क्यांच्या आकड्याने अधिकाऱ्याचाही सूर बदलतो.

दरम्यान कायद्यात राहून करता येण्यासारखं एक काम आहे. सुट्टीच्या दिवशी, विश्रांतीच्या वेळेत ‘जरा येऊन जा’ म्हणून येणारे फोन. सक्ती नसेल तिथे नकार द्या. माणसं किती कमी ठेवली आहेत, ते आठवड्यात उघडं पडतं. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळायची वेळ आली, तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं कोलमडली. त्यात संप कुणी केला नव्हता. मात्र कामावर असताना मुद्दाम संथ काम करू नका, ती अनुचित प्रथा ठरते. आणि सुरक्षेची तपासणी हे दबावाचं साधन कधीच नाही, एक मिनिटही नाही.

प्रश्न : मला ‘असिस्टंट मॅनेजर’ पद दिलं, पगार तोच. आता संघटनेत राहता येईल का?
(इंजिनिअरिंग विभाग, नवी मुंबई)

पदनाम नव्हे, प्रत्यक्ष काम पाहतात. हाताखाली माणसं नेमणं, रजा मंजूर करणं, शिक्षा देणं हे अधिकार नसतील आणि दिवसभर तुम्ही विमानच दुरुस्त करत असाल, तर तुम्ही तांत्रिक कामगारच आहात. देखरेखीचं काम असेल तर १८,००० रुपयांची पगारमर्यादा आड येते. नव्या पदाचं पत्र घेताना कामाचं लेखी वर्णन मागा. २०२३ मध्ये एअर इंडियाच्या वैमानिक संघटनांनी ज्येष्ठ कमांडरना व्यवस्थापनात मोजण्यावर आक्षेप घेतला, त्यामागे हेच कारण होतं. बढतीचा पेढा खाताना संघटनेचे सर्वांत अनुभवी सभासद कमी होतात.

प्रश्न : माझी मुलगी प्रोबेशनवर आहे. तिने मागणीपत्रावर सही करावी का?
(पालक, डोंबिवली)

प्रोबेशनवरच्यांना काढणं सोपं असतं, हे खरं. ऑक्टोबर २००८ च्या जागतिक मंदीत जेट एअरवेजने सुमारे १,९०० जणांना काढायचं ठरवलं, त्यांत प्रोबेशनवरची तरुण मुलंमुलीच भरली होती. गणवेशातच ती मुंबईच्या रस्त्यावर आली, राजकीय पक्ष पाठीशी उभे राहिले आणि एक-दोन दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. इतकी मोठी संख्या आणि इतका गाजावाजा दर वेळी मिळत नाही. म्हणून आमचं मत असं : तिने सभासद व्हावं, तासांची नोंद ठेवावी, पण पहिल्या पानावर सही कायम कर्मचाऱ्यांची असावी. मागणीपत्रात ‘प्रोबेशनवरच्यांनाही हाच दर’ हे कलम घालायची जबाबदारी त्या कायम कर्मचाऱ्यांची आहे. नव्यांना कमी दर ठेवून जुन्यांनी करार केला, की पाच वर्षांत बहुसंख्य कमी दराचे होतात आणि मग जुन्यांचा दर महाग दिसू लागतो.

प्रश्न : दोन महिने पगार नाही. कंपनी बंद पडेल, अशी कुजबुज आहे. थांबावं की तक्रार करावी?
(चेक-इन कर्मचारी, अंधेरी)

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. दुसरी ७ तारीख चुकली की तक्रार टाका. किंगफिशरच्या कर्मचाऱ्यांचा २०१२ मध्ये सुमारे सात महिन्यांचा पगार थकला, त्यानंतर इंजिनिअरांनी काम थांबवलं; ऑक्टोबरमध्ये परवानाच निलंबित झाला. उडत नसलेल्या कंपनीत संपाला काही अर्थ नसतो.

थकलेल्या वेतनाचा अर्ज तीन वर्षांच्या आत करता येतो. नोंदणीकृत संघटना कितीही कामगारांसाठी मिळून एकच अर्ज देऊ शकते आणि थकबाकीवर दहा पटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. नोकरीवरून काढलं किंवा राजीनामा दिला तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो. पीएफचं पासबुक दर महिन्याला तपासा. वेतनचिठ्ठीत वजावट दिसते आणि खात्यात भरणा नाही, ही कंपनी बुडत असल्याची सर्वांत लवकर दिसणारी खूण.

प्रकरण दिवाळखोरीत गेलं तर नियम बदलतात. मनाई लागू झाली की नवे-जुने दावे थांबतात आणि दावा दिवाळखोरीच्या कामासाठी नेमलेल्या व्यावसायिकाकडे द्यावा लागतो. या टप्प्यावर एकट्यासाठी नमुना ‘ड’, म्हणजे इंग्रजी चौथ्या अक्षराचा फॉर्म, आणि सगळ्यांच्या वतीने प्रतिनिधीने भरायचा त्यापुढचा. जाहिरातीत मुदत दिलेली असते, साधारण १४ दिवसांची; उशिराचे दावे ठरावीक काळच घेतात. पुढे कंपनी अवसायनात (मालमत्ता विकून गुंडाळायला) निघाली तर ३० दिवसांत पुन्हा दावा. पैसे वाटताना कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या सावकारांच्या बरोबरीने येते. कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची, त्यांच्यानंतर. वरच्या उत्तरातल्या ‘असिस्टंट मॅनेजर’ पदाचा खरा फटका इथे बसतो. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा निधी या वाटपाच्या बाहेर असतो.

जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली. कर्मचाऱ्यांच्या पीएफ आणि ग्रॅच्युइटीचा मुद्दा अपिलात ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांच्या बाजूने लागला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो कायम ठेवला आणि ७ नोव्हेंबर २०२४ ला त्याच न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायला सांगितलं. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये थांबली, जानेवारी २०२५ मध्ये तिचंही तेच झालं. विमानं भाड्याची असतात, ती मालक घेऊन जातात. विकायला फारसं उरत नाही. म्हणून बंद पडण्याआधीचा दुसरा महिना महत्त्वाचा.

कामगार संघटना स्वतः दिवाळखोरीचा अर्ज करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये एका ज्यूट गिरणीच्या खटल्यात मान्य केलं. त्यासाठी किमान एक कोटीची थकबाकी लागते. अडीच लाखांच्या चाळीस जणांची बेरीज तेवढी होते. त्याआधी दहा दिवसांची मागणी नोटीस द्यावी लागते. आमच्या मते उपयोग त्या नोटिशीचाच आहे. कंपनी उडत असताना प्रत्यक्ष अर्ज केलात तर भाड्याची विमानं तुमच्याच हाताने परत पाठवाल.

प्रश्न : गोव्यातल्या दाबोळी विमानतळावरून आमची कामं मोपाच्या विमानतळावर गेली. तक्रार पणजीच्या कामगार आयुक्तांकडे दिली तर ‘आमच्या कक्षेत नाही’ म्हणून परत आली. मग कुठे?
(ग्राउंड स्टाफ, पेडणे)

विमानसेवा आणि तिच्यासाठी काम करणारे कंत्राटदार यांच्यासाठी योग्य सरकार म्हणजे केंद्र सरकार. त्यामुळे गोव्यात वास्कोचं सहायक कामगार आयुक्त (केंद्रीय) कार्यालय, मुंबईत प्रादेशिक कामगार आयुक्त (केंद्रीय). ऑनलाइन द्यायची असेल तर केंद्राचं ‘समाधान’ पोर्टल. मुंबईतही अनेक जण सवयीने राज्याच्या कामगार न्यायालयात जातात आणि अधिकारक्षेत्राच्या आक्षेपावर दोन-तीन वर्षं घालवतात. संघटनेची नोंदणी मात्र राज्याच्या निबंधकाकडेच होते. परत आलेल्या अर्जावरचा शेरा जपून ठेवा आणि नव्या अर्जाला जोडा. पहिली तक्रार कोणत्या तारखेला केली होती, ते त्यावरून दिसतं.